रिपोर्टमध्ये 'अँटी-जीएम१ पॉझिटिव्ह' म्हणजे काय? गँग्लिओसाइडची माहिती सोप्या मराठीत

या साइटवर मी नेहमी मोबाईल, ॲप आणि रिचार्ज प्लॅनबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण त्याची सुरुवात मोबाईलवर आलेल्या एका पीडीएफ फाइलपासूनच झाली.

जानेवारी २०२५ ची गोष्ट. पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला, जीबीएसचे पेशंट सापडायला लागले होते. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. माझा मावसभाऊ २२ वर्षांचा आहे आणि धायरीत मित्रांसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याला आधी तीन दिवस जुलाब झाले. मग बरा झाला, ऑफिसलाही गेला. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी उठला तर पाय जड झालेले, आणि जिना उतरताना गुडघे आपोआप दुमडायला लागले. दुसऱ्या दिवशी हातात फोन धरता येईना. टाइप करायला जायचा, पण बोट उचललंच जायचं नाही. त्या दिवसापासून तो आम्हाला फक्त व्हॉइस मेसेज पाठवायला लागला.

त्याला ॲडमिट केलं, उपचार सुरू झाले. काही दिवसांनी लॅबचा रिपोर्ट मावशीच्या व्हॉट्सॲपवर आला आणि तिने तो मला फॉरवर्ड केला. खाली तिचा आवाज: "अरे, तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, मग हे बघ बरं जरा. गँग्लिओसाइड अँटीबॉडी, जीएम वन पॉझिटिव्ह. हे चांगलं का वाईट रे?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी तिला एवढंच म्हणालो, "मावशी, डॉक्टरांना विचार, तोवर मी वाचून बघतो." मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण त्यानंतरचे पंधरा दिवस मी जे वाचलं आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून घेतलं, ते इथे लिहितोय. त्या काळात आमच्या फॅमिली ग्रुपवर 'चिकन बंद करा', 'पनीर बंद करा' असे मेसेज धडाधड पडत होते, आणि खरं काय होतंय हे एकाही मेसेजमध्ये नव्हतं.

गँग्लिओसाइड म्हणजे नक्की काय?

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं. शाळेत आपण त्याला प्रद्रव्यपटल म्हणायचो. हे पटल मुख्यतः तेलकट रेणूंचं बनलेलं असतं, आणि त्यात अधूनमधून काही खास रेणू रोवलेले असतात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे गँग्लिओसाइड.

याचे दोन भाग असतात. खालचा भाग तेलकट, त्याचं नाव सेरामाइड. यात दोन लांब शेपट्या असतात: एक स्फिंगोसिनची आणि एक साध्या फॅटी ॲसिडची. या शेपट्या पटलाच्या तेलात घट्ट बसतात. वरचा भाग साखरेचा: ग्लुकोज, गॅलॅक्टोज वगैरे साखरेचे मणी एकाला एक जोडून केलेली छोटीशी साखळी. ही साखळी पेशीच्या बाहेर डोकावते. तेल आणि साखर एकत्र म्हटल्यावर मला आधी शंकरपाळेच आठवले, पण इथे काम अगदी वेगळं आहे.

तेलाला साखर जोडलेल्या या सगळ्या कुटुंबाला ग्लायकोस्फिंगोलिपिड म्हणतात. त्या साखळीवर सायलिक ॲसिड नावाची एक विशेष साखर असेल, तरच त्याला गँग्लिओसाइड म्हणायचं. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात, सायलिक ॲसिडमध्ये नऊ. शिवाय त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. म्हणजे पेशीच्या बाहेर डोकावणारी ही टोकं हलकीशी 'चार्ज' असतात.

नावांमागची गोष्ट पण भारी आहे. स्फिंगोसिन हे नाव १८८४ मध्ये थुडिकम या डॉक्टरने दिलं. तो जर्मनीत जन्मलेला, काम लंडनमध्ये करायचा, मेंदूचं रसायनशास्त्र शोधत होता. हा पदार्थ त्याला इतका कोड्यात टाकणारा वाटला की त्याने ग्रीक पुराणातल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव ठेवलं. पुढे जर्मनीतच अर्न्स्ट क्लेंक या संशोधकाला टे-सॅक्स नावाच्या आजाराने दगावलेल्या मुलांच्या मेंदूत एक नवा पदार्थ खूप साठलेला दिसला. मेंदूतल्या गँग्लियन पेशींवरून १९४२ मध्ये त्याने त्याला गँग्लिओसाइड म्हटलं. हे रेणू जवळपास सगळ्या पेशींवर असतात, पण मेंदू आणि नसांमध्ये त्यांचं प्रमाण इतर अवयवांपेक्षा कितीतरी जास्त असतं.

जीएम१, जीडी१ए, जीक्यू१बी: ही मॉडेल नंबरसारखी नावं कशी वाचायची?

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण फोनच्या मॉडेल नंबरसारखंच आहे. ही पद्धत १९६३ मध्ये स्वीडनच्या लार्स स्वेनरहोम यांनी काढली.

पहिलं अक्षर 'जी' म्हणजे गँग्लिओसाइड. दुसरं अक्षर सायलिक ॲसिड किती ते सांगतं. 'एम' म्हणजे मोनो, एक. 'डी' म्हणजे दोन, 'टी' म्हणजे तीन, 'क्यू' म्हणजे चार. मग येतो आकडा, आणि इथे गंमत आहे. आकडा जितका लहान तितकी साखळी मोठी! पाचातून तो आकडा वजा करा, म्हणजे सायलिक ॲसिड सोडून बाकी साखरेचे मणी किती ते कळतं. जीएम१ मध्ये चार मणी, जीएम२ मध्ये तीन, जीएम३ मध्ये दोन. शेवटचं 'ए' किंवा 'बी' हे सायलिक ॲसिड कुठे कसं लटकलंय त्याची खूण आहे.

म्हणजे मावशीच्या रिपोर्टमधलं जीएम१ काय होतं? तेलकट सेरामाइड, त्यावर ग्लुकोज, मग गॅलॅक्टोज, मग एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमाइन, आणि टोकाला पुन्हा गॅलॅक्टोज. आणि मधल्या गॅलॅक्टोजला बाजूने एक सायलिक ॲसिड. एवढंच. टोकाचा एक मणी काढला की त्याचं जीएम२ होतं, आणखी एक काढला की जीएम३. एका मण्याचा फरक, पण शरीराच्या दृष्टीने ती तीन वेगळी माणसं.

ही साखळी पेशीच्या आत तयार होते. सेरामाइड आंतर्द्रव्यजालिकेत बनतं आणि साखरेचे मणी गॉल्गी संकुलात एकेक करून जोडले जातात. प्रत्येक मण्यासाठी वेगळं विकर, म्हणजे एन्झाइम. जुनं झालं की लयकारिकेत जाऊन तीच साखळी उलट्या क्रमाने एकेक मणी काढून मोडली जाते. हा क्रम चुकून चालत नाही. क्लेंकने ज्या मुलांचे मेंदू तपासले त्यांच्यात नेमकं हेच बिघडलेलं होतं. जीएम२ चा टोकाचा मणी काढणारं हेक्सोसॅमिनिडेज-ए हे एन्झाइम त्यांच्यात नसतं, म्हणून जीएम२ मेंदूच्या पेशींमध्ये साठत जातं. बाळ सुरुवातीचे काही महिने हसतं-खेळतं, मग शिकलेलं एकेक विसरायला लागतं. आजार आनुवंशिक आहे: आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका. कोणत्या एन्झाइमची कमतरता आहे हे १९६९ मध्ये कळलं आणि त्यानंतर अमेरिकेतल्या ज्यू समाजाने लग्नाआधी-बाळाआधी रक्ततपासणीची मोठी मोहीम चालवली, तिथे या आजाराचं प्रमाण खूप खाली आलं. आपल्याकडे गुजरातमधल्या कुटुंबांमध्येही याचे रुग्ण आढळलेले आहेत.

पण यांचं काम काय असतं?

थोडक्यात सांगायचं तर ओळख आणि सिग्नल. पेशीच्या बाहेर डोकावणारी साखरेची साखळी म्हणजे पेशीचा डीपी समजा. दुसरी पेशी, एखादं प्रथिन, एखादा जंतू, सगळे आधी हा डीपी बघतात.

नसेचं उदाहरण घ्या. नसेच्या तंतूभोवती मायलिनचं आवरण असतं, चार्जरच्या वायरवर प्लास्टिक असतं तसं. मायलिनमधलं एक प्रथिन नसेवरच्या जीडी१ए आणि जीटी१बी या गँग्लिओसाइडना धरून ठेवतं, आणि त्यामुळे आवरण नीट चिकटून राहतं. जीएम३ इन्सुलिनच्या रिसेप्टरजवळ बसून त्याचा आवाज कमी-जास्त करतं. ज्या मुलांमध्ये जन्मतः जीएम३ बनवणारं एन्झाइमच नसतं त्यांना अगदी लहानपणी तीव्र फिट्स येतात आणि वाढ खुंटते.

कॅन्सरमध्येही यांचा उपयोग झालाय. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरच्या पेशींवर जीडी२ भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारं डिन्युटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. त्याचा एक त्रास असा की ते देताना मुलांना प्रचंड वेदना होतात, कारण वेदना वाहणाऱ्या नसांवरही जीडी२ असतं. औषधाला तरी कसं कळणार कोणता डीपी कोणाचा?

जंतूंना हे डीपी फार आधीपासून माहीत आहेत. कॉलऱ्याचंच बघा. १९५९ मध्ये कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवलं की कॉलऱ्याचे जुलाब जंतूने सोडलेल्या विषामुळे होतात. हे विष आतड्याच्या पेशीवर नेमकं जीएम१ शोधतं. त्याला पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळी एकेक जीएम१ पकडते. मग ते पेशीत शिरून क्षार आणि पाणी बाहेर सोडणारा नळ उघडाच ठेवतं. माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, म्हणून ओआरएस इतकं महत्त्वाचं. त्यातली कमाल म्हणजे कॉलऱ्याचा जंतू सोबत एक कात्री पण आणतो. ती इतर मोठ्या गँग्लिओसाइडवरचं जादाचं सायलिक ॲसिड कापून त्यांचंही जीएम१ करते! म्हणजे आपल्या विषाला चिकटायला जास्त जागा. धनुर्वाताचं विषसुद्धा नसेत शिरताना जीटी१बीसारख्या गँग्लिओसाइडलाच धरतं.

आता मूळ मुद्दा: जुलाब आतड्यात झाले, मग पाय का गेले?

पुण्याच्या साथीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला होता. कोंबड्यांच्या आतड्यात तो आरामात राहतो, त्यांना त्रास देत नाही. कच्चंपक्कं चिकन, न उकळलेलं दूध, दूषित पाणी यातून तो माणसात येतो. जगभरात जीबीएसच्या आधी होणाऱ्या संसर्गांमध्ये याचाच नंबर सगळ्यात वर आहे.

या जीवाणूच्या अंगावरही साखरेच्या साखळ्या असतात. आणि त्याच्या काही जातींमध्ये ती साखळी हुबेहूब आपल्या जीएम१ किंवा जीडी१ए सारखी असते. सायलिक ॲसिडसकट. जपानच्या नोबुहिरो युकी यांनी जीबीएसच्या रुग्णाकडून मिळालेल्या जीवाणूवर जीएम१ सारखी रचना १९९३ मध्ये दाखवली. पुढे २००४ मध्ये त्यांच्या गटाने त्या जीवाणूची ती साखळी सशांना टोचली, तर सशांच्या अंगात जीएम१ विरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या आणि त्यांचे पाय लुळे पडले.

मावशीला मी हे असं सांगितलं: "समज, एका फ्रॉड माणसाने तुझा फोटो आपल्या डीपीला लावला. लोकांनी त्याला रिपोर्ट केलं. कंपनीने काय केलं, तर तो फोटो असलेली सगळी अकाउंट बंद केली. त्यात तुझं पण गेलं." मावशी म्हणाली, "म्हणजे चूक कोणाची, आणि शिक्षा कोणाला!" हो, अगदी तसंच.

शरीराने जुलाबाच्या जंतूविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या. जंतू गेला, पण त्या अँटीबॉडी रक्तात फिरत राहिल्या. मग त्यांना नसेवर तोच चेहरा दिसला. त्या अँटीबॉडी नसेवर बसतात आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची हल्ला करणारी प्रथिनं बोलावून घेतात. मायलिनच्या आवरणात ठरावीक अंतरावर ज्या उघड्या जागा असतात, जिथून सिग्नल उडी मारत पुढे जातो, नेमका तिथे घाव बसतो. सिग्नल अडतो. मेंदू 'पाय उचल' म्हणतो, पण संदेश पोचत नाही. अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणूनच जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी हे सुरू होतं. मावसभावाच्या डोक्यात म्हणूनच दोन्हींचा संबंध आला नव्हता.

आणि इथे तो मॉडेल नंबर किती महत्त्वाचा ठरतो बघा. हातापायाचे स्नायू हलवणाऱ्या नसांवर जीएम१ भरपूर असतं, म्हणून जीएम१ विरुद्धच्या अँटीबॉडीने हातपाय जातात. डोळे फिरवणाऱ्या नसांवर जीक्यू१बी जास्त असतं. त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी झाल्या तर एकाचे दोन दिसतात, डोळे फिरत नाहीत, चालताना तोल जातो. त्याला मिलर फिशर सिंड्रोम म्हणतात. जीवाणू कोणता चेहरा घेणार हे त्याच्या एका एन्झाइममधल्या ५१ व्या जागी कोणतं अमिनो ॲसिड आहे त्यावर बरंचसं ठरतं. एका अक्षराने हातपाय की डोळे हे ठरायला मदत होते, हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

घाबरून जाऊ नका, कारण हा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. आणि जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आमच्या सोसायटीत मावशीच्या घरी दोन आठवडे कोणी येत नव्हतं, ते अगदीच विनाकारण होतं.

उपचार काय असतात?

मुख्य दोन. पहिला आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या निरोगी अँटीबॉडी सलाईनमधून देणं. साधारण वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम होतात, म्हणून तो इतका महाग पडतो. दुसरा प्लाझ्मा बदलणं, म्हणजे मशीनने रक्तातला तो अँटीबॉडीवाला द्रव काढून टाकायचा. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा, पण लवकर सुरू करायला हवं. साधारण चारातल्या एका रुग्णाला श्वासाचे स्नायू कमजोर झाल्यामुळे काही दिवस व्हेंटिलेटर लागतो. मावसभावाला नाही लागला. पण त्याच्या शेजारच्या बेडवरच्या काकांना लागला होता, आणि त्या रात्री मावशी झोपलीच नाही.

त्या रिपोर्टबद्दल एक महत्त्वाचं. डॉक्टर या रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. तपासणी, नसांची चाचणी आणि पाठीतलं पाणी यावरून ते आधीच उपचार सुरू करतात. अँटीबॉडी निगेटिव्ह आल्या म्हणून जीबीएस नाही असं होत नाही, बऱ्याच रुग्णांमध्ये त्या सापडतच नाहीत. त्यामुळे मावशीच्या 'चांगलं का वाईट' याचं उत्तर असं होतं: दोन्ही नाही. कुठून आलं ते कळलं, उपचार तेच राहिले.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्हाला रील्समध्ये 'नसांसाठी टॉनिक' दिसत असेल. १९८० च्या दशकात युरोपात गुरांच्या मेंदूतून काढलेल्या गँग्लिओसाइडची इंजेक्शनं नसांच्या दुखण्यावर सर्रास दिली जायची. मग ती घेतलेल्या काही लोकांना जीबीएससारखा आजार झाल्याच्या नोंदी आल्या आणि जर्मनीने १९८९ मध्ये त्यांची विक्री थांबवली. नसेत जे असतं ते बाहेरून टोचलं की नस मजबूत होते, एवढं ते सरळ नाही.

जुलाब किंवा तापानंतर महिनाभरात दोन्ही पायांत अशक्तपणा आला, मुंग्या वर चढत गेल्या, जिना चढता येईना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. 'उद्या बघू' करू नका, कारण हा आजार कधीकधी तासातासाने वाढतो. चिकन सोडायची गरज नाही, आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवा. कच्चं चिकन कापलेल्या सुरी-पाटीवर लगेच कांदा-कोथिंबीर कापू नका. पाण्याची शंका असेल तर उकळा. हा जीवाणू उकळीत मरतो. आमच्या फ्लॅटवाल्या मुलांनी फिल्टर होता म्हणून कधी उकळलंच नव्हतं, आणि तो फिल्टर वर्षभर कोणी साफ केला नव्हता.

मावसभाऊ तीन आठवड्यांनी घरी आला. तुटलेले नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणून पंज्यांपर्यंत ताकद यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. जूनपर्यंत तो काठी घेऊन चालत होता. उजवा पाऊल अजून थोडा लोळतो, फिजिओथेरपी चालू आहे. हात आधी सुधारले. एप्रिलमध्ये एका रात्री त्याचा मेसेज आला, तीन महिन्यांत पहिल्यांदा टाइप केलेला. स्पेलिंगच्या चार चुका होत्या आणि मजकूर एवढाच होता की माझ्या फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर मला ओळखत नाहीये, काय करू? मी सांगितलं, सेटिंगमध्ये जा, जुना ठसा काढून टाक, नव्याने घे.